इंजिनाचा धूर : ओळखा आणि आवरा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पीक पिवळे पडू लागले की आपण लगेच पान उलटून पाहतो. नत्र कमी पडले, लोह कमी पडले, की मुळाशी पाणी साचले, याचा विचार करतो. बैलाने वैरण सोडली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे माणूस पाठवतो. पण विहिरीवरचे इंजिन काळा धूर ओकू लागले, तर "जुने झाले, धूर टाकणारच" असे म्हणून आपण पुढल्या कामाला लागतो. या धुराकडे जरा जवळून पाहावे, तो का येतो हे समजून घ्यावे आणि आपल्याच हाताने तो किती कमी करता येईल याचा विचार करावा, यासाठी आजचा विषय निवडला आहे.

रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीच्या धुराची तपासणी होते. विहिरीवरच्या इंजिनाचा, मळणी यंत्राचा किंवा पॉवर टिलरचा धूर पाहायला मात्र कोणी येत नाही. सरकारचे नियम येतात ते कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या यंत्रासाठी. आपल्या गोठ्याशेजारी पंधरा-वीस वर्षे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या धुरावर देखरेख करणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे त्याचा मालक.

धुरात काय असते?

डिझेल जळायला हवा लागते, आणि ती भरपूर लागते. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी साधारण १२ किलो, म्हणजे सुमारे १० घनमीटर हवा लागते. २०० लिटरची ५० पिंपे एका रांगेत मांडली, तर त्यांत जेवढी हवा मावेल तेवढी हवा एका लिटरला हवी. ही हवा वेळेवर मिळाली, डिझेलचा फवारा बारीक तुषारांसारखा झाला आणि सिलिंडर पुरेसा तापलेला असला, तर ज्वलन जवळजवळ पूर्ण होते. यांपैकी एक जरी गोष्ट कमी पडली, तरी धूर वाढतो. पाणी नसताना नुसते खत टाकत गेलो तर पीक करपते, तसेच हवा नसताना नुसते डिझेल देत गेलो तर त्याची काजळी होते.

काळ्या धुरातील काजळीचे कण इतके बारीक असतात की ते नाकातल्या केसांना जुमानत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. त्यांच्यासोबत न जळलेल्या इंधनाची वाफ, कार्बन मोनॉक्साइड आणि नत्राची ऑक्साइड असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत केला. १९८८ साली हीच संस्था "संभवतः करतो" असे म्हणत होती. मधल्या काळात डिझेल यंत्रांजवळ काम करणाऱ्या कामगारांवर जे अभ्यास झाले, त्यांनी शंका दूर केली.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची झाली आहे. पूर्वी डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे. २०१७ पासून देशभर दहा लाख भागांत ५० भाग आणि १ एप्रिल २०२० पासून फक्त १० भाग गंधक असलेले डिझेल मिळू लागले. त्यामुळे धुरातील गंधकाचा वायू खूपच कमी झाला. इंधन सुधारले, आता इंजिनाकडे आणि ते चालवण्याच्या पद्धतीकडे पाहायचे आहे.

धूर हे लक्षण आहे

"धूर म्हणजे जळालेले पैसे" असे आपण नेहमी ऐकतो. ते बरोबर आहे, पण थोडे वेगळ्या अर्थाने. धुरातून न जळता निघून जाणारे डिझेल मोजले, तर ते शंभरात एखाद-दुसरा भागच भरते. खरा तोटा त्यामागच्या बिघाडात असतो. अंगात ताप भरला की ताप हा मूळ रोग नसतो, आत काहीतरी बिघडले आहे याची ती खूण असते. इंजिनाचा धूर तसाच. चोंदलेली हवा, खराब नोझल, जास्तीचा बोजा, गरजेपेक्षा थंड सिलिंडर, यांपैकी काहीतरी बिघडलेले असते आणि त्या बिघाडापायी डिझेल जास्त लागते.

धुराच्या रंगावरून रोग ओळखता येतो.

काळा धूर : डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर क्लीनर चोंदला असेल, नोझल टिपकत असेल, इंजिनावर झेपत नाही इतका बोजा असेल किंवा पंपातून डिझेल जास्त सोडले जात असेल.

पांढरा धूर : डिझेलची वाफ न जळताच बाहेर येते आहे. थंडीत सकाळी इंजिन सुरू करताना मिनिट-दोन मिनिटे असा धूर आला तर काळजी नको. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही, तर डिझेल उशिरा सुटत आहे, दाब कमी पडत आहे किंवा डिझेलमध्ये अगर सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे, असे समजावे.

निळसर धूर : वंगणाचे ऑईल जळते आहे. रिंगा किंवा लायनर झिजले आहेत, व्हॉल्व्हचे गाईड सैल झाले आहेत किंवा ऑईल खुणेच्या वर भरले आहे.

जोरात बोजा पडताच क्षणभर फिकट काळा धूर येणे आणि लगेच साफ होणे, हे जुन्या पद्धतीच्या इंजिनात चालण्यासारखे आहे. सतत येणारा धूर चालू देऊ नये.

हवेची वाट मोकळी ठेवा

सर्वात स्वस्त उपाय हवेचा आहे, आणि सर्वात दुर्लक्षितही तोच आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांवर व इंजिनांवर ऑईलबाथ एअर क्लीनर असतो. हवा त्यातील ऑईलवरून जाते आणि धूळ ऑईलमध्ये बसते. वाटीत चिखल साचला की हवेची वाट अरुंद होते. कोरड्या रानात कुळवणी, रोटाव्हेटर किंवा मळणी चालू असेल, तर वाटी रोज उघडून पाहावी. ऑईल घट्ट झाले असेल किंवा तळाशी गाळ बसला असेल, तर ते ओतून वाटी धुवावी आणि नवे ऑईल बरोबर खुणेपर्यंत भरावे. खुणेच्या वर भरल्यास ते इंजिनात ओढले जाते आणि निळा धूर सुरू होतो.

कागदी फिल्टर असेल तर तो पाण्याने, डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नये. हलक्या दाबाची हवा आतून बाहेर मारून साफ करावा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनंतर बदलावा. हवेच्या नळीचा रबरी सांधा फाटला असेल, तर क्लीनर असून नसल्यासारखा होतो. गाळल्याशिवाय आत गेलेली धूळ लायनर आणि रिंगा घासते आणि पुढच्या निळ्या धुराची तयारी करते.

डिझेल स्वच्छ, फवारा बारीक

डिझेल पंपावरून कॅनमध्ये आणले, तर ते एक रात्र तरी स्थिर ठेवावे. गाळ आणि पाणी तळाशी बसते. तळचे दोन बोटे डिझेल टाकीत ओतू नये. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने वाफ धरते आणि तिचे पाणी होते. फिल्टरच्या वाटीत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी खालचा स्क्रू सैल करून सोडून द्यावे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा मोह टाळावा. रॉकेलला वंगणाचा गुण कमी असतो, त्यामुळे पंपाचा प्लंजर आणि नोझलची सुई झिजते. बचत रुपयांची आणि दुरुस्ती हजारांची, असा तो व्यवहार होतो.

नोझल हा इंजिनातला फवारणी पंपच समजा. फवारणी पंपाचे नोझल झिजले की औषधाचे तुषार न पडता धार लागते, पानावर एका ठिकाणी जास्त आणि दुसरीकडे काहीच नाही. इंजिनाच्या नोझलचे तेच होते. मोठे थेंब पूर्ण जळत नाहीत, त्यांची काजळी होते. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर नोझल काढून डिझेल पंपाचे काम करणाऱ्या चांगल्या गॅरेजमध्ये टेस्टरवर तपासून घ्यावे. फवारा धुक्यासारखा दिसला पाहिजे आणि शेवटी टोकाला थेंब लोंबता कामा नये. हाताचा तळवा पुढे धरून फवारा पाहण्याची सवय काही मिस्त्रींना असते, ती फार घातक आहे. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरते आणि हात कायमचा जाऊ शकतो.

आता एका वाईट प्रथेविषयी. ट्रॅक्टर ओढत नाही अशी तक्रार घेऊन गेले की काही ठिकाणी पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून देतात. दोन दिवस ट्रॅक्टर जोरात चालल्यासारखा वाटतो. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, त्यामुळे काळा धूर सुरू होतो, डिझेलचा खर्च वाढतो, पिस्टन जास्त तापतो आणि काजळी ऑईलमध्ये उतरून ते लवकर काळे पडते. ताकद कमी का झाली याचे उत्तर आधी एअर क्लीनर, फिल्टर, नोझल आणि टॅपेटच्या अंतरात शोधावे. सील शेवटपर्यंत शाबूत राहू द्यावे.

डिझेलच्या नळीचा सांधा ठिबकत असेल तर त्याकडेही पाहावे. सेकंदाला एक थेंब म्हणजे काही विशेष वाटत नाही. पण एका मिलिलिटरचे २० थेंब धरले, तर दिवस-रात्रीत चार लिटरांहून जास्त डिझेल मातीत जाते.

इंजिन फार थंडही नको

पंपाच्या इंजिनाला आपण थंड करण्यासाठी विहिरीचेच पाणी देतो. बरेच शेतकरी पाण्याचा कॉक पूर्ण उघडा ठेवतात, इंजिन जितके गार तितके चांगले अशा समजुतीने. ही समजूत बरोबर नाही. इंजिन गार राहिले की फवारलेले डिझेल सिलिंडरच्या थंड भिंतीवर बसते, न जळता धुराबरोबर जाते किंवा भिंतीवरचे ऑईल धुऊन खाली उतरते. धूर वाढतो, डिझेल जास्त लागते आणि लायनरही झिजतो. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस असावे. एक साधा तापमापक त्या पाण्याखाली धरावा आणि तेवढे तापमान येईपर्यंत कॉक थोडा थोडा बंद करावा. कॉकवर खूण करून ठेवली, म्हणजे रोज मोजायला नको. पाणी पूर्ण बंद होऊन इंजिन तापणार नाही, एवढी दक्षता मात्र घ्यावी.

बोजा योग्य ठेवा

इंजिन अगदी चांगले असले तरी त्याच्यावर उगाच बोजा टाकला तर धूर येणारच. पंपाचे उदाहरण घेऊ. समजा सेकंदाला १० लिटर पाणी एकूण १५ मीटर उंच चढवायचे आहे. पाण्याला लागणारी ताकद म्हणजे १० गुणिले १५ भागिले ७५, बरोबर २ अश्वशक्ती. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर इंजिनाला ४ अश्वशक्ती द्यावी लागेल. आता लहान तोंडाचा फूटव्हॉल्व्ह, गरजेपेक्षा बारीक पाईप आणि दोन-तीन काटकोनी बेंड यांच्या घर्षणामुळे ३ मीटरची भर पडली असे समजा. पाणी तेवढेच घ्यायचे तर इंजिनाला ४.८ अश्वशक्ती द्यावी लागेल. पाण्याचा एक थेंबही जास्त मिळाला नाही आणि डिझेल मात्र पाचवा हिस्सा जास्त लागले. ५ अश्वशक्तीचे इंजिन अशा वेळी पूर्ण बोज्यावर येऊन काळा धूर टाकू लागते. मोठ्या मोकळ्या जाळीचा, कमी घर्षणाचा फूटव्हॉल्व्ह, योग्य व्यासाचा पाईप, काटकोनी बेंडऐवजी लांब वळणाचा बेंड, पाईपचे तोंड गरजेपेक्षा उंच न नेणे आणि पट्ट्याचा ताण योग्य ठेवणे, हे धूर कमी करण्याचेच उपाय आहेत. इंजिनाला पान्हा न लावता ते करता येतात.

ट्रॅक्टरच्या बाबतीत चाकांची घसर पाहावी. मागच्या चाकाला खडूने खूण करावी. अवजार वर उचलून चाकाचे १० फेरे होईपर्यंत किती अंतर गेले ते मोजावे. मग त्याच रानात अवजार जमिनीत घालून पुन्हा १० फेरे मोजावेत. समजा पहिल्यांदा ४० मीटर आणि नंतर ३४ मीटर भरले, तर घसर १५ टक्के झाली. नांगरटीत १० ते १५ टक्के घसर चालते. दुसरे अंतर २८ मीटरच भरले, तर घसर ३० टक्के आहे. चाक फिरते, डिझेल जळते आणि ट्रॅक्टर जागेवर रानाची माती उडवतो. अशा वेळी चाकांत पाणी भरावे किंवा वजने लावावीत, टायरची हवा योग्य ठेवावी, झिजलेले टायर बदलावेत आणि खोली थोडी कमी करावी. उलट घसर अगदीच कमी, पाच टक्क्यांच्या आत असेल, तर ट्रॅक्टरवर फुकटचे वजन आहे, ते उतरवावे.

हलक्या कामाला, म्हणजे कुळवणी, पेरणी, फवारणी यांना, पूर्ण रेस देऊन खालच्या गिअरमध्ये चालण्याची गरज नसते. वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवली तर तोच वेग मिळतो आणि डिझेल कमी लागते. पीटीओवरचे अवजार असेल तर मात्र त्याला लागणारे फेरे सांभाळावेत. वरच्या गिअरमध्ये इंजिन दबू लागले आणि काळा धूर आला, तर एक गिअर खाली यावे. बांधावर कोणाशी बोलत उभे राहायचे असेल तर इंजिन बंद करावे. नुसते उभे राहूनही ट्रॅक्टर तासाला साधारण एक लिटर डिझेल खातो. टर्बो इंजिन असेल तर बंद करण्यापूर्वी मिनिट-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे, एवढाच अपवाद.

विहिरीतले इंजिन : जिवाशी खेळ

आता जे सांगणार आहे, ते बाकी सर्व विसरलात तरी लक्षात ठेवा.

पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबावर. हा दाब पाण्याला १०.३ मीटरपेक्षा वर चढवू शकत नाही, आणि प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरच्या पुढे पंप नीट ओढत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली जाते. मग शेतकरी इंजिनासह पंप विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. विहिरीत वारा नसतो. धूर थंड होऊन तिथेच कोंडतो.

चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याच्या वर १० मीटर पोकळी असेल, तर तिथे सुमारे १२५ घनमीटर हवा असते. एक लिटर डिझेल १० घनमीटर हवेतला प्राणवायू संपवते. ५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण बोज्यावर तासाला एक लिटरच्या आसपास डिझेल घेते. वरून थोडी हवा येत राहते हे खरे, पण दोन-तीन तासांनी तिथे काय उरत असेल याचा अंदाज यावरून करता येईल. त्यात कार्बन मोनॉक्साइडची भर. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते, पायांतले बळ जाते आणि शिडी चढायची ताकदच राहत नाही. पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणाऱ्या लहान पंपसेटमध्ये हा वायू डिझेल इंजिनापेक्षाही जास्त असतो.

म्हणून काही नियम घरातल्या प्रत्येकाला, सालगड्यालाही, सांगून ठेवा. इंजिन विहिरीत उतरवू नये. पाणी खोल गेले असेल, तर विजेचा पाणबुडी पंप किंवा इंजिन वर आणि पंप खाली अशी शाफ्टवर चालणारी व्यवस्था करावी. ज्या विहिरीत इंजिन चालले आहे, तिथे ते बंद केल्यावर लगेच कोणी उतरू नये. सायलेन्सरला पाईप जोडून धूर वर काढला तरी सांध्यातून गळती होते, म्हणून त्यावर विसंबू नये. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू अगदी कमी झाला असेल तरच उपयोगी पडते. मोनॉक्साइड प्राणघातक प्रमाणात असला तरी कंदील जळतच राहतो. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली आहे, असे मुळीच समजू नये.

आणि खाली कोणी कोसळला, तर त्याच्यामागे धावत उतरू नका. भावाला वाचवायला भाऊ उतरतो, त्यांच्यामागे शेजारी उतरतो, आणि एकाऐवजी तीन माणसे जातात. माणसे गोळा करा, अग्निशमन दलाला व १०८ क्रमांकावर कळवा. हवेची सोय असलेला मुखवटा लावल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका. ज्याला उतरावेच लागते त्याने कमरेला दोर बांधून घ्यावा, म्हणजे वरून ओढता येते. वर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत ठेवून लगेच दवाखान्यात न्यावे. त्याला प्राणवायू देण्याची गरज असते, घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

बंद इंजिनघरालाही हेच लागू आहे. पावसाळ्यात दार लावून आत इंजिन आणि तिथेच राखणदाराची वाकळ, असे कधीही होऊ देऊ नये. धुराचा पाईप भिंतीबाहेर काढावा, वरून पाऊस शिरू नये म्हणून टोपी किंवा बाक द्यावा आणि समोरासमोर दोन झरोके ठेवावेत. पाईप फार लांब व अरुंद केल्यास धूर आतच दबतो आणि इंजिन आणखी काळा धूर टाकते, म्हणून तो सायलेन्सरच्या तोंडापेक्षा बारीक नसावा.

खळ्यावरची काळजी

मळणीच्या वेळी ट्रॅक्टर उभा असतो आणि माणसे हलत नाहीत. कणसे पुढे करणारे, भुसा ओढणारे आणि धान्य वाऱ्यावर देणाऱ्या स्त्रिया दिवसभर धुराच्या तोंडाशी असतात. मळणी सुरू करण्याआधी वाऱ्याची दिशा पाहून ट्रॅक्टर वाऱ्याखाली उभा करावा, म्हणजे धूर खळ्यावर येणार नाही. आडव्या सायलेन्सरपेक्षा उभा सायलेन्सर बरा, धूर डोक्याच्या वरून जातो. लहान मुलांना आणि दम्याच्या रुग्णांना खळ्यापासून दूर ठेवावे. काजळी साचलेल्या सायलेन्सरमधून ठिणग्या उडतात. कडब्याची गंजी आणि गव्हाचे काड जवळ असेल, तर एक ठिणगी पुरते. सायलेन्सर वेळोवेळी साफ करावा आणि त्याला ठिणग्या अडवणारी जाळी बसवून घ्यावी.

नवे ट्रॅक्टर, नवी काळजी

ट्रॅक्टरच्या धुरासाठी आपल्या देशात पहिले मानक १९९९ साली लागू झाले. त्यानंतर ते टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना "ट्रेम-४" हे मानक लागू झाले. या गटाच्या सुरुवातीच्या आकाराच्या इंजिनांना पूर्वी प्रत्येक किलोवॉट-तासामागे ०.४ ग्रॅम काजळी चालत होती, ती मर्यादा ०.०२५ ग्रॅमवर आली, म्हणजे सोळा पटींनी खाली.

हे कसे साधले? डिझेल फार मोठ्या दाबाने आणि संगणकाच्या हुकमाने फवारले जाते. थोडा धूर परत आत फिरवला जातो, त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नत्राची ऑक्साइड कमी होतात. धुराच्या वाटेवर उत्प्रेरक आणि काही यंत्रांत काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. असे ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. धूर परत फिरवणारी नळी "ताकद खाते" म्हणून कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नये. कंपनीने सांगितलेले कमी राखेचे ऑईलच वापरावे, नाहीतर फिल्टर राखेने भरतो. फिल्टर स्वतःची काजळी जाळतो तेव्हा सायलेन्सर फार तापतो, त्या वेळी ट्रॅक्टर गंजीजवळ किंवा वाळल्या गवतावर उभा करू नये. आणि ज्या मोठ्या यंत्रांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते, तिच्यात बाजारातले ३२.५ टक्क्यांचे तयार द्रावणच घालावे. आपण पिकाला देतो तो युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. तो पाण्यात विरघळवून त्या टाकीत घातला तर महागडी यंत्रणा कायमची निकामी होते.

न जळलेले डिझेल

एक लिटर डिझेल कितीही स्वच्छ जळले तरी त्यातून सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो कमी करायचा तर डिझेलच कमी जाळले पाहिजे. कृषिविद्येचा खरा संबंध इथे येतो. एका हेक्टरच्या खोल नांगरटीला, जमीन व खोलीप्रमाणे, सहज पंधरा-वीस लिटर डिझेल लागते. दरवर्षी, प्रत्येक पिकासाठी खोल नांगरट खरोखर लागते का, याचा विचार करावा. हरळी-कुंदा नसलेल्या रानात तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करून मधल्या वर्षांत कुळवाच्या पाळ्यांवर भागते. सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी यंत्राने सरी, खत आणि पेरणी एकाच फेऱ्यात होते. रोटाव्हेटरचे उगाच दोन-दोन हात मारल्याने डिझेल जाते आणि जमिनीची घडणही बिघडते. रानाच्या लांबीच्या दिशेने काम केले तर वळणे कमी होतात.

विहिरीवरच्या इंजिनाला पर्याय म्हणून सौर पंपाचाही विचार करावा. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ साली आणि राज्याची "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना २०२४ साली सुरू झाली. आपल्या विहिरीला अनुदान मिळू शकेल का, याची माहिती महावितरणच्या कार्यालयात विचारावी.

वही ठेवा

शेवटी एक लहानसा प्रयोग सुचवतो. टाकी काठोकाठ भरा. एक तास इंजिन नेहमीच्या बोज्यावर चालवा आणि मापाने डिझेल ओतून टाकी पुन्हा काठोकाठ भरा. किती मिलिलिटर लागले आणि धुराचा रंग कसा होता, ते तारखेसह वहीत लिहा. मग एअर क्लीनर साफ करून, कॉक बेताचा ठेवून, नोझल तपासून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन वाफ्यांत दोन वाण लावून आपण उतारा तपासतो, तसाच हाही तपास आहे. हंगामात किती तास इंजिन चालते त्याने फरकाला गुणा, म्हणजे वर्षाचा हिशोब तुमच्याच अक्षरात तुमच्यासमोर येईल.

खरीप तोंडावर आला की मिस्त्रीला वेळ नसतो आणि गॅरेजमध्ये रांग लागते. तेव्हा या आठवड्यातच इंजिन सुरू करून दहा पावले मागे उभे राहा आणि धूर पाहा. विहिरीत कोणाचे इंजिन उतरवलेले असेल, तर आज घरी जाताना त्याच्या वस्तीवरून जा आणि ते वर काढायला सांगा.